लिब्रेऑफिसच्या विकासात सहभागी होण्यासाठी सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो आणि मराठी लेखनासाठी लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन प्रोग्राम-संचातील रायटर नेहमी वापरतो. सी++ ही प्रोग्रामिंग भाषा अभ्यासक्रमापुरती येते, कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचीही ओळख आहे. परंतु या प्रकल्पाचा स्रोत (मूळ कोड) उघडल्यावर कोणता फोल्डर कशासाठी आहे हेच उमगत नाही. गिटहब या संकेतस्थळावर त्याची प्रत आहे, मात्र तिथे पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल सामील करण्याच्या विनंत्या, स्वीकारल्या जाताना दिसत नाहीत. आधी भाषांतर करावे, दोष कळवावेत की थेट कोडला हात घालावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

गिटहबवरील प्रत केवळ आरसा, म्हणजे पाहण्यापुरते प्रतिबिंब, आहे. प्रत्यक्ष बदल गेरिट या परीक्षण-प्रणालीवर पाठवायचे असतात. तिथे खाते उघडावे आणि आपले योगदान एमपीएल २.० व एलजीपीएल ३ किंवा त्यापुढील आवृत्ती या मुक्त सॉफ्टवेअर-परवान्यांखाली देत असल्याचे छोटे निवेदन विकासकांच्या मेलिंग लिस्टवर एकदाच पाठवावे. त्यानंतर बगझिला या दोषनोंदणी-प्रणालीमध्ये 'ईझीहॅक' अशी खूण असलेली कामे शोधावीत. ती नवख्यांसाठी मुद्दाम बाजूला काढलेली असतात आणि कुठे पाहावे याचा निर्देशही बहुधा त्यांत असतो.

फोल्डरांच्या नावांनी गोंधळून जाऊ नये. एसडब्ल्यू म्हणजे रायटर, एससी म्हणजे कॅल्क (तक्ते), एसडी म्हणजे इम्प्रेस (सादरीकरण) आणि ड्रॉ (चित्रे). हा कोड मूळचा जर्मनीतील स्टारऑफिस या संचाचा. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने तो 2000 मध्ये ओपनऑफिस या नावाने खुला केला आणि 2010 मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे होऊन लिब्रेऑफिस सुरू झाले. इतक्या जुन्या वास्तूतील सगळ्या खोल्या आधी पाहून घेण्याचा अट्टहास न धरता एका कामापुरता कोड वाचावा. पहिल्या बिल्डला, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करायला, साध्या लॅपटॉपवर काही तास लागतात, म्हणून आधी तयार झालेले भाग साठवून ठेवणारे सीकॅश आधीच बसवून घ्यावे. पुढचे बिल्ड बरेच लवकर होतात.

उत्तर २

वरील माहिती अचूक आहे, तरीही माझ्या मते प्रश्नकर्त्याने पहिले काही आठवडे दोषांच्या पडताळणीला द्यावेत. कोणीतरी कळवलेला, पण अद्याप 'अनकन्फर्म्ड' (अपुष्ट) असलेला दोष आपल्या संगणकावर पुन्हा घडवून पाहणे, तो कोणत्या आवृत्तीत दिसतो आणि कोणत्या आवृत्तीत दिसत नाही हे नोंदवणे, आणि शक्य तितकी लहान नमुना-फाइल जोडणे, या तीन गोष्टींमुळे विकासकाचा मोठा वेळ वाचतो. हे करताना प्रकल्पात माणसे एकमेकांशी कसे बोलतात, कोणती तक्रार मार्गी लागते आणि कोणती पडून राहते, हेही आपोआप कळते.

मराठीच्या बाबतीत तर ही जबाबदारी आपल्यावाचून कोण घेणार? 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र युनिकोड या अक्षर-संकेतप्रणालीमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: ऱ, हलन्त, य असा किंवा र, हलन्त, शून्य-रुंदीचा जोडक, य असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे शोधताना किंवा शुद्धलेखन तपासताना काही विपरीत घडले, तर देवनागरी न वाचणाऱ्या विकासकाला त्याचे कारण निव्वळ चित्रावरून कळणे अशक्य आहे. अशा तक्रारीत अक्षरांचे युनिकोड क्रमांक, फॉन्टचे नाव, कार्यप्रणाली आणि अपेक्षित रूपाचे चित्र द्यावेच. तोच मजकूर, तोच फॉन्ट दुसऱ्या प्रोग्रामातही तसाच दिसतो का, हेही पाहावे. कारण अक्षरजुळणीचे काम हार्फबझ नावाचा वेगळा घटक करतो आणि दोष तिथला किंवा फॉन्टचाही असू शकतो.

उत्तर ३

ज्यांना प्रोग्रामिंग येत नाही, त्यांच्यासाठी भाषांतराचा मार्ग खुला आहे. ते काम वेबलेट या भाषांतर-प्रणालीवर ब्राउझरमधूनच चालते. टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारे शब्द तसेच ठेवावेत, कारण तिथे प्रोग्राम स्वतः नाव किंवा आकडा घालतो. एका संज्ञेला सर्वत्र एकच मराठी शब्द वापरावा: एका मेनूत 'जतन करा' आणि दुसऱ्यात 'साठवा' असे झाले, तर वापरणाऱ्याला ती दोन वेगळी कामे वाटतात. प्रश्नकर्त्याला मात्र सी++ येते. भाषांतर ही कोडकडे जाण्याची पायरी समजून त्यांनी ते करू नये. त्यात खरोखर रस असेल तरच करावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी आधी पडताळणी आणि मग एक ईझीहॅक असा क्रम ठेवतो. पाठवलेल्या बदलावर कोणी काहीच बोलले नाही, तर किती वाट पाहावी?

उत्तर १

आधी जेनकिन्स या स्वयंचलित चाचणी-यंत्रणेचे निकाल पाहावेत. बिल्ड किंवा चाचणी फसली असेल, तर परीक्षक बहुधा तिकडे वळतच नाहीत. सर्व काही ठीक असूनही आठवडाभर शांतता राहिली, तर त्या भागात अलीकडे काम केलेल्या व्यक्तीला गिटच्या इतिहासातून शोधून परीक्षक म्हणून जोडावे आणि एका वाक्यात विनंती करावी. सुधारणा सुचवली गेल्यास नवा कमिट (गिटमधील बदलाची नोंद) पाठवू नये. जुन्याच कमिटमध्ये बदल करून चेंज-आयडीची (बदलाच्या ओळखक्रमांकाची) ओळ जशीच्या तशी ठेवावी, म्हणजे गेरिटवर त्याच नोंदीखाली बदलाची पुढची आवृत्ती दिसते आणि आधीची चर्चा तुटत नाही. कमिटच्या पहिल्या ओळीत बगझिलातील दोषक्रमांक टीडीएफ (द डॉक्युमेंट फाउंडेशन, प्रकल्पामागील संस्था) या अक्षरांसह लिहावा.