लाल बावट्याच्या घरातून थेट 'सरकारच नको' पर्यंत

परळचा_पोरगा:
आधीच सांगतो, आमचं घर लाल. आजोबा गिरणी कामगार युनियनवाले, बाबा 1982 च्या डॉक्टर दत्ता सामंतांच्या गिरणी संपात घरी बसले ते बसलेच. मीपण कॉलेजात 'सरकारनं हे दिलंच पाहिजे'वाल्या घोषणा दिल्यात. आता मी लिबर्टेरियन झालोय, आणि नुसता 'टॅक्स कमी करा' वाला नाही, पोलीस-कोर्टासकट सगळं लोकांनी आपापसात करार करून, पैसे मोजून चालवावं, सरकार नावाची मक्तेदारीच नको, इथपर्यंत. घरात मला शेठजींचा वकील म्हणतात, म्हणू देत.

पुस्तकं नंतर आली, आधी 82 चा संपच नव्यानं वाचला. मालक हरामखोर, कामगार हरला, एवढंच आपल्याला शिकवलं. मालक होतेच हो हरामखोर. पण अडीच लाख कामगार ज्याच्या मागे उभा त्या सामंतांशी बोलणी करायचीच नाहीत, याला कायद्याचा आधार कुठून आला? 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. एका धंद्यात एकच मान्यताप्राप्त युनियन, बोलेल ती तीच, आणि ती म्हणजे काँग्रेसच्या मांडीवरचा राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगाराला नको असली तरी त्याच्या वतीनं सही तिचीच. हा कायदा रद्द करा ही संपातली मागणीच होती, बोनस-पगाराच्या गोंधळात ती कोणाला आठवत नाही.

मग जमिनी. 1991 च्या नियमात गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक हिस्सा पालिकेला, एक म्हाडाला म्हणजे सरकारच्या घरं बांधणाऱ्या मंडळाला, एक मालकाला असं होतं. 2001 ला नियमातले शब्द फिरवले, वाटणी फक्त मोकळ्या जागेची, म्हणजे ज्या जागेवर शेड उभ्या होत्या ती वाटणीतून बाहेर. 2006 ला सुप्रीम कोर्टानंही ते मान्य केलं. मालक बाजारात जिंकला नाही, मंत्रालयात जिंकला. आणि आमचे कॉम्रेड याच्यावर उपाय काय सांगतात, तर मंत्रालयाला अजून पावर द्या!

दादरची_मावशी:
बाळा, लिहितोस छान, पण गिरणीचा इतिहास 1946 ला सुरू होत नाही. 1881 च्या फॅक्टरी कायद्यानं सात वर्षांखालची मुलं कामाला लावायला बंदी केली, 1891 ला ते वय नऊ केलं. म्हणजे त्याआधी काय चालायचं याचा विचार कर. ते सात वर्षांचं पोर कोणाशी करार करणार होतं? तुझ्या त्या खासगी कोर्टात त्याची फी कोण भरणार होतं?

परळचा_पोरगा:
मावशी, तो 1881 चा कायदा यावा म्हणून सगळ्यात जास्त आरडाओरडा कोण करत होतं माहितीये ना, इंग्लंडातल्या लँकेशायरचे गिरणीवाले, मुंबईचा माल स्वस्त पडत होता म्हणून. पोरांचा कळवळा नव्हता तो. आणि रविवारची सुट्टी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1890 च्या जूनमध्ये मालकांच्या संघटनेकडून मिळवली, हजारो कामगारांची सभा घेऊन. कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली 1891 ला. आधी माणसं भांडली, मग सरकार फीत कापायला आलं.

दादरची_मावशी:
लँकेशायरवाल्यांचा हेतू वाईट होता हे खरं, पण म्हणून पोर मशीनखालून बाहेर आलं हे खोटं होत नाही. आणि लोखंड्यांनी मालकांशी भांडताना सरकारकडे अर्जही केले होते, फॅक्टरी कमिशनसमोरही गेले होते, ते तू सोयीनं गाळलंस.

भायखळा_स्लो_लोकल:
खासगी कोर्ट, खासगी पोलीस... भावा, मुंबईनं हे सगळं ऐंशी-नव्वदच्या दशकात फुकट बघितलंय. भाई लोकांचे दरबार भरायचे, पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे मोजून नाममात्र भाड्यानं घेतलेली खोली खाली करायची सुपारी निघायची, निकाल दोन दिवसांत आणि अपील नाही. एकदम फ्री मार्केट. जास्त पैसे देईल त्याच्या बाजूनं न्याय. तुला आजोबांच्या खोलीवर असा निकाल लागलेला चालला असता का?

परळचा_पोरगा:
ते दरबार भरत का होते तेपण सांग की. भाडं 1940 च्या आकड्यावर गोठवलं, 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं, आणि नवीन कायदा लागू झाला 2000 ला. म्हणजे अर्धं शतक मालकाला भाड्यातून चहाचेपण पैसे सुटत नव्हते, इमारत दुरुस्त करायला तो कशाला बघेल, भाडेकरू कशाला सोडेल, म्हणून पागडी, म्हणून काळा पैसा, म्हणून केस टाकली तर नातवाच्या लग्नापर्यंत निकाल नाही. सरळ दरवाजा सरकारनं बंद केला तेव्हा भाईनं मागचा उघडला. दारूबंदीत हातभट्टी वाढते ना, तसंच.

भायखळा_स्लो_लोकल:
म्हणजे सरकारनं कायदा केला की भाई येतो, आणि सरकार गेलं की भाई जातो? उद्या सरकार गेलं तर सगळ्यात आधी दुकान कोण उघडणार, ज्याच्याकडे बंदूक आहे तोच ना. त्यालाच चार पिढ्यांनी सरकार म्हणतात.

कांदा_लसूण_मसाला:
मूळचा निफाडचा, राहतो कल्याणला. मी शेतकरी संघटनेत वाढलोय, शरद जोशींची भाषणं ऐकलीयत, त्यामुळे परळवाल्याची अर्धी गोष्ट मला पटते. आमच्याकडे 1972 ला कापसाची एकाधिकार खरेदी आणली, कापूस सरकारलाच विकायचा, शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी सीमेवर अडवणार, स्वतःच्या शेतातला कापूस घेऊन शेतकरी चोरासारखा रात्री जायचा. आणि जुनं काय उगाळायचं, 2023 च्या डिसेंबरला कांद्याची निर्यात बंद केली ती मे 2024 पर्यंत, का तर इलेक्शन आणि शहरातली भाजी. तुम्हा मुंबईकरांना कांदा महाग झाला की बातमी होते, आमचा मातीमोल झाला की कोणी विचारत नाही. पण साहेब, जोशी म्हणायचे सरकारनं आमच्या धंद्यातून बाजूला व्हा, कोर्ट-पोलीस बंद करा असं म्हणत नव्हते. व्यापाऱ्यानं पैसे बुडवले तर जायचं कुठे? उडी मारताना थोडं बघा.

निळं_पेन:
मला एकच विचारायचंय. महाड. 1923 ला मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, 1924 ला महाडच्या नगरपालिकेनं ठराव केला, 1927 ला बाबासाहेब माणसं घेऊन चवदार तळ्यावर गेले. सरकार नावाची गोष्ट नसती तर तळ्यावर हक्क सांगायचा कशाच्या जोरावर?

परळचा_पोरगा:
पण त्या ठरावांनी पाणी दिलं का? नाही ना. लोक चालत गेले, डोकी फुटली, तेव्हा सरकार कुठे होतं? आणि त्याच वर्षी नगरपालिकेनं ठराव मागेपण घेतला. उलट मी म्हणतो सरकारवर भरवसा ठेवू नका याचं हे सगळ्यात मोठं उदाहरण.

निळं_पेन:
थांब, अर्धवट सोडू नकोस. मग सवर्णांनी कोर्टात दावा टाकला. दाव्यात काय होतं? तळं सार्वजनिक नाही, आमच्या खासगी मालकीसारखं आहे. तुझीच भाषा! माझी मालमत्ता, मी कोणाला येऊ द्यायचं ते मी ठरवणार. 1937 ला हायकोर्टानं ते फेटाळलं. तुझ्या जगात हा दावा मंजूर झाला असता, कारण तळ्याभोवतीच्या सगळ्यांनी मिळून तोच करार केला असता आणि तोच करार पाळणारं कोर्ट पैसे देऊन नेमलं असतं. मुंबईत आजपण आडनाव ऐकून फ्लॅट नाही म्हणतात, तेपण 'आमची सोसायटी, आमची मर्जी' असंच म्हणतात.

परळचा_पोरगा:
अशा लोकांवर बाकीच्यांनी बहिष्कार टाकायचा, धंदा तोडायचा. पैसा जात बघत नाही.

निळं_पेन:
पैसा बघत नसेल, पैसेवाला बघतो. आणि बहिष्कार कोणावर पडत आलाय ते आम्हाला नको सांगूस.

दादरची_मावशी:
जरा वेगळं विचारते, राग मानू नकोस. बाबांच्या नावानं म्हाडाच्या गिरणी कामगार घराचा फॉर्म भरलाय का घरात?

परळचा_पोरगा:
भरलाय, आणि लागलं तर घेणार. ते सरकारचं दान नाही, ज्या जमिनीवर बाबांनी रात्रपाळ्या केल्या तिच्यातला वाटा आहे. ज्यानं खिसा मारला त्याच्याकडून पाकीट परत घ्यायला मला कसली लाज.

भायखळा_स्लो_लोकल:
पाकीट पार कर्जतकडच्या शेलूला देतायत म्हणे. सकाळची कर्जत फास्ट पकडून येशील ना परळला?