चर्चा: पक्षांची उच्चशिक्षणावरची निवेदनं यंत्राने जोखावीत का?

आकडेमोड्या (धागाकर्ता)

जाहीरनामे, प्रसिद्धीपत्रकं, नेत्यांची ट्वीट असा सगळा गठ्ठा सॉफ्टवेअरच्या पुढ्यात टाकायचा. ते प्रत्येक वाक्यावर सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ असा शिक्का मारतं. मग तक्ता तयार: उच्चशिक्षणाबद्दल अमका पक्ष सगळ्यांत आशावादी, तमका सगळ्यांत रडका. याला सेंटिमेंट अ‍ॅनालिसिस म्हणतात आणि असे तक्ते हल्ली बातम्यांमध्ये सर्रास दिसतात.

माझं मत: या विषयात तरी हे तंत्र पक्षाची भूमिका मोजत नाही. पक्ष सत्तेच्या बाकावर बसलाय की विरोधाच्या, एवढंच मोजतं.

डिसेंबर २०२१ आठवा. महाविकास आघाडी सरकारने सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मंजूर केलं. कुलगुरूपदासाठी राज्य सरकारने राज्यपालांकडे दोन नावं पाठवायची आणि उच्चशिक्षण मंत्री प्र-कुलपती, म्हणजे कुलपती असलेल्या राज्यपालांच्या खालोखाल. विद्यापीठांच्या स्वायत्ततेवर घाला म्हणून भाजपने रान उठवलं. २०२२ मध्ये सरकार बदललं, दुरुस्ती मागे घेतली गेली. (ती आणणारे उच्चशिक्षण मंत्री उदय सामंत नव्या सरकारातही मंत्रीच होते, फक्त खातं उद्योगाचं. असो.) पुढे जानेवारी २०२५ मध्ये कुलगुरूंच्या शोधसमितीत कुलपतींचं, म्हणजे केंद्राने नेमलेल्या राज्यपालांचं, पारडं जड करणारा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) मसुदा आला. आता केरळ, तमिळनाडू, कर्नाटकची सरकारं ओरडली, हा राज्यांच्या अधिकारांवर घाला आहे. हस्तक्षेप, घाला, स्वायत्तता, सगळे शब्द तेच. यंत्र दोन्हीकडे ‘नकारात्मक’ लिहून मोकळं. कुलगुरू नेमका कोणी नेमावा असं कोणाचं म्हणणं आहे, ते या तक्त्यात शोधून दाखवा.

नर्मदेचा गोटा

तुम्ही दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या तंत्राला झोडपताय. शब्दांची यादी घेऊन ‘चांगले किती, वाईट किती’ मोजायचे दिवस गेले. आता मॉडेल, म्हणजे ढीगभर मजकुरावर शिकवलेलं सॉफ्टवेअर, आख्खं वाक्य वाचतं. मराठीतही काम झालंय. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटाने २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीटवर माणसांकडून सकारात्मक-नकारात्मक-तटस्थ अशा खुणा करून घेतल्या आणि ते सगळ्यांना खुलं केलं.

सत्ता-विरोधाचा परिणाम आहेच, कोण नाही म्हणतंय? तो वजा करता येतो. एकाच पक्षाची सत्तेतली आणि विरोधातली निवेदनं वेगळी काढा. सत्तेत असूनही एखाद्या मुद्द्यावर सूर उतरला तर ती बातमी आहे. उन्हाळा आहे म्हणून कोणी थर्मामीटर फेकून देत नाही.

तासिकावाला

नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा दोन्ही पास, तासिका तत्त्वावर (तासागणिक मानधनावर) शिकवतो. दोन वाक्यं देतो, कोणत्याही पक्षाची समजा.

‘सहायक प्राध्यापकांची रिक्त पदं न भरल्याने विभाग बंद पडताहेत, ती वर्षभरात भरू.’

‘उच्चशिक्षणाच्या सर्वांगीण विकासासाठी आम्ही कटिबद्ध आहोत.’

पहिल्यात रिक्त आहे, न भरल्याने आहे, बंद पडताहेत आहे. दुसऱ्यात सर्वांगीण, विकास, कटिबद्ध. गुण कोणाला जास्त मिळणार ते सांगायला मॉडेल लागत नाही. आणि माझ्या पोटापाण्याशी संबंध आहे तो पहिल्याचा.

कोरी पाटी

तासिकावाला यांना +१. मुळात शिक्षणाच्या विरोधात लिहिणार कोण? बर्लिनहून चालणारा मॅनिफेस्टो प्रोजेक्ट देशोदेशींचे जाहीरनामे एकेक विधान सुटं करून वर्गात टाकतो. त्यात ५०६ म्हणजे शिक्षणाचा विस्तार हवा, ५०७ म्हणजे मर्यादा हवी. ५०७ चा डबा जवळपास रिकामाच असतो.

आपल्याकडचे सहा टक्के बघा ना. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये म्हटलं. १९६८ च्या धोरणात तेच, १९८६ मध्ये तेच, २००४ च्या यूपीएच्या किमान समान कार्यक्रमात तेच, २०२० च्या धोरणातही तेच. मॉडेल दर वेळी पैकीच्या पैकी देईल. पैसे काही सहा टक्क्यांवर गेले नाहीत.

विरोधासाठी विरोध

सगळे यंत्रावर तुटून पडलात, मग पर्याय काय? माणसांनी वाचायचं? २०२४ मध्ये काँग्रेसच्या जाहीरनाम्यात, म्हणजे न्यायपत्रात, होतं की १५ मार्चपर्यंतची थकीत शैक्षणिक कर्जं व्याजासकट एकदाच माफ करू. हे वाक्य एकाला दिलासा वाटेल, दुसऱ्याला रेवडी. दोघेही मराठी शिकलेले, दोघेही पदवीधर. यंत्र निदान सगळ्यांना एकच फूटपट्टी लावतं.

आकडेमोड्या

फूटपट्टी एकच असली तरी ती मोजते काय? माकप म्हणतो नवं शैक्षणिक धोरण रद्द करा, द्रमुक म्हणतो नीट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा रद्द करा. दोघांचीही मागणी स्पष्ट, पटो न पटो. पण तक्त्यात दोघे तळाला, आणि मथळा येतो, ‘शिक्षणाबाबत नकारात्मक पक्ष’. ‘जागतिक दर्जा’, ‘सक्षम युवा’ लिहिणारा पहिला. म्हणजे गुण मिळाले प्रसिद्धीपत्रक लिहिणाऱ्याला.

टोमण्यांचं तर विचारूच नका. जून २०२४ मध्ये यूजीसी-नेट १८ तारखेला झाली, १९ ला रद्द झाली. नऊ लाखांवर परीक्षार्थी. त्यावर विरोधी नेत्याने ‘अभिनंदन! एका दिवसात निर्णय, केवढी ही तत्परता!’ असं लिहिलं असतं तर?

नर्मदेचा गोटा

टोमणे अजून चकवतात, मान्य. पण ‘रद्द करा’ला वेगळं तंत्र आहे. तिथे सूर विचारायचाच नसतो, प्रश्न द्यायचा असतो: हे वाक्य नीटच्या बाजूचं की विरुद्ध? याला स्टान्स डिटेक्शन म्हणतात. माकपचं वाक्य मग ‘धोरणाच्या विरुद्ध’ यात जातं, ‘शिक्षणाच्या विरुद्ध’ यात नाही. चुकीचा प्रश्न विचारणाऱ्याचं खापर यंत्रावर का फोडता?

आणि गप्प बसणं मोजायला तर यंत्राइतकं कामाचं काही नाही. शुल्क, भरती, वसतिगृहं, शिष्यवृत्ती, प्रत्येकावर कोणी किती वाक्यं खर्च केली? सत्ता मिळाल्यावर भरतीचा उल्लेख गळाला का? हजारो पानांतून हे हाताने काढून दाखवा.

कोरी पाटी

हे मात्र पटलं. पण मग तो सूर नाही, निव्वळ मोजदाद आहे. तक्त्यावरचे हसरे-रडके चेहरे काढून टाका आणि तेवढंच छापा.

वसतिगृह क्र. ३

जुलै २०२४ चा मुलींच्या मोफत शिक्षणाचा जीआर घ्या. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. सत्ताधाऱ्यांची पत्रकं अर्थातच गोडधोड. आता कोणी म्हटलं, ‘निर्णय चांगला, पण खोलीभाडं आणि मेसचं काय?’ तर अर्धं गोड, अर्धं कडू, शिक्का तटस्थ! गावाहून आलेल्या मुलीच्या बापाला विचारा, खर्च शुल्काचा जास्त की राहण्या-खाण्याचा. कामाचं वाक्य तेच होतं आणि तेच शून्यावर गेलं.

नर्मदेचा गोटा

‘पण’पाशी वाक्य तोडून दोन्ही तुकडे वेगळे तपासता येतात. शुल्काला अधिक, राहण्याला उणे. हे आजही होतं.

तासिकावाला

होत असेल, पण बातमीत छापतात ती सरासरीच. माझ्या मते तीनच रकाने पुरेत: किती पदं किंवा किती रुपये, कधीपर्यंत, पैसा कुठून. ‘कटिबद्ध’ असेल तिथे तिन्ही कोरे सोडायचे.

विरोधासाठी विरोध

आणि ते रकाने भरायला बसणार कोण? त्याचा पक्ष आधी सांगा, मग तक्ता दाखवा.