भिंतीवरच्या सांबराला पांढरे डाग – मदत हवी आहे (तातडीची)

फोंडेकर
मंडळी, आमच्या घरच्या सांबराला पांढरे डाग पडलेत. नाकाजवळ जास्त, डाव्या कानावर थोडे. पुसले की जातात, चार दिवसांत परत हजर. चवथ तीन आठवड्यांवर आलीय, पंचवीस-तीस माणसं जमणार आणि हे नेमकं गणपतीच्या समोरच्या भिंतीवर. काय लावू? लवकर सांगा.

खमंग
सांबाराला पांढरे डाग म्हणजे बुरशी. टाकून द्या. पावसात रात्रभर बाहेर ठेवायचंच नसतं.

फोंडेकर
अहो सांबर, सांबार नव्हे! शिंगंवालं. पेंढा भरलेलं डोकं. पणजोबांनी पोर्तुगीज काळात मारलेलं.

कडकऊन
सोपं आहे. दोन दिवस अंगणात कडक उन्हात ठेवा, बुरशी मरते. आमच्या मामांकडे गव्याचं डोकं होतं, दर मे महिन्यात बाहेर काढायचे.

चिऱ्याचीभिंत
आणि त्या गव्याचा रंग कसा होता शेवटी? उन्हानं केस विटतात, कातडं आकसून शिवणी उसवतात. शिवाय श्रावणात फोंड्यात कडक ऊन कुठून आणायचं?
फोंडेकर, मी संग्रहालयात जतनाचं काम केलंय, म्हणून विचारतो. पांढरं म्हणजे कसं, कापसासारखं की मिठाच्या दाण्यासारखं? केस हलकेच ओढले तर हातात येतात का? खाली बारीक भुसा किंवा किड्यांच्या केसाळ काती पडतात का? भिंत बाहेरची की आतली? आणि आतापर्यंत काय काय लावलंत?

फोंडेकर
मी एक प्रश्न विचारला, तुम्ही पाच. कापसासारखं आहे. भुसा नाही. केस शाबूत आहेत. भिंत पश्चिमेची, बाहेरची. आता उपाय सांगा.

चिऱ्याचीभिंत
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

फोंडेकर
भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी. मग व्हिनेगर. तेव्हापासून नाकाचा काळा रंग निघायला लागलाय, ते सांगायचं राहिलं.

मावशी_डिचोली
नाकाला काळं बूट पॉलिश लाव रे, नव्यासारखं होतं. शिंगांना खोबरेल. आणि मागं कापूर नि कडुलिंबाचा पाला. आमच्याकडे चाळीस वर्षं हेच चाललंय.

चिऱ्याचीभिंत
मावशी, कापराबद्दल वाद नाही, पण खोबरेल खवट होतं, त्यावर धूळ चिकटते आणि किड्यांना आमंत्रण मिळतं. शिंगं कोरड्या ब्रशनं झाडली, फार तर ओलसर फडक्यानं पुसली की पुरे. नाकाला पॉलिश तर नकोच. तो वरून दिलेला रंग असतो, पुढं कुणाला नीट दुरुस्त करायचा म्हटलं तर मेण आडवं येतं.

आता मुख्य गोष्ट. इतक्या जुन्या कामात कातड्याला आतून आर्सेनिकचा साबण लावलेला असतो असंच धरून चाला. किडा लागू नये म्हणून तो लावायची पद्धतच होती. म्हणजे नुसत्या हातानं चोळायचं नाही. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, खाली वर्तमानपत्र (काम झालं की पिशवीत बांधून टाका), पोरांना त्या खोलीत फिरकू देऊ नका. बुरशी आधी हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमनं ओढून घ्या, तोंडाला जाळीचं कापड बांधून, अगदी कमी जोरावर. साधा व्हॅक्यूम पुढून ओढतो आणि मागून तीच धूळ खोलीत सोडतो. मग अर्धं पाणी, अर्धं सर्जिकल स्पिरिट. कापसाचा बोळा त्यात बुडवून घट्ट पिळायचा, नुसता ओलसर राहिला पाहिजे, आणि केसांच्या दिशेनं एकेक हात फिरवायचा. आधी मानेमागं, दिसणार नाही अशा जागी करून बघा. नाकाजवळ स्पिरिट नेऊ नका, उरलेला रंगही जाईल. डोळे काचेचे आहेत, ते कानात घालायच्या काडीनं.

सासष्टीचा
एवढा खटाटोप? केरोसीनचा फवारा मारा, विषय संपला.

चिऱ्याचीभिंत
आणि चवथीला खाली समई लावा.

आजीचाबटवा
माझ्या आईकडे सांबरशिंग होतं, सहाणेवर उगाळून छातीला लेप लावायची. तुमच्या शिंगाचं एखादं टोक द्याल का? चिमूटभर पुरतं.

वनवाटा
आजी, आर्सेनिकच्या शेजारी इतकी वर्षं राहिलेलं शिंग छातीला लावणार? आणि असं कापून वाटणं कायद्यातही बसत नाही.
फोंडेकर, कागद आहेत का? १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अशा डोक्याला मालकीचं प्रमाणपत्र लागतं. विकता येत नाही, फक्त वारशानं येतं, आणि वारसा आला की ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं कळवावं लागतं.

फोंडेकर
मी डाग विचारले होते. प्रमाणपत्र आहे, लॅमिनेट केलेलं, आजोबांच्या नावाचं. आजोबा २०२१ मध्ये गेले.

वनवाटा
मग ९० दिवस केव्हाच उलटले. चवथीच्या आधी पणजीला वन खात्यात जाऊन या. आपण होऊन गेलेलं बरं. ठेवायचंच नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीपासून सात कामकाजाच्या दिवसांची नोटीस देऊन ते सरकारजमा करता येतं. पैसे मिळत नाहीत.

सासष्टीचा
झालं. माणूस डाग काढायला आला होता, तुम्ही त्याला कचेरीची पायरी दाखवली.

मावशी_डिचोली
मला विचाराल तर गणपतीच्या समोर मेलेल्या जनावराचं डोकंच नको. वर माटोळीला (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) आंबाडे, कांगला, नारळ आणि समोर हे! चवथीपुरतं पांढरं सोवळं टाकून झाका.

खमंग
झाकलं की बुरशीची पण चवथ.

चिऱ्याचीभिंत
खमंगरावांचा पहिला योग्य प्रतिसाद. फोंडेकर, तुम्ही चार दिवसांत डाग परत येतात म्हणालात, मला ते खटकतंय. एकदा खाली काढा आणि फळीच्या मागची भिंत बघा.

फोंडेकर
(दोन दिवसांनी) काढलं. चुलतभाऊ शिडीवर, मी खाली. फळीची मागची बाजू पांढरीफटक, लव आल्यासारखी. भिंतीला अंगठा लावला तर चुना हातात आला, चिरा आत गार नि ओला. वर एक कौल सरकलंय, पाणी बरोबर त्या खिळ्यावर उतरत होतं. आणि मी दोन महिने नाक पुसत बसलो होतो.
आता डोकं दारात खुर्चीवर बसवून समोर पंखा फुल लावलाय. पहाटे पोदेर (पाववाला) आला, तो सायकलसकट मागं सरला.

चिऱ्याचीभिंत
पंखा बंद करा. आत्ता. बुरशी आणि आर्सेनिक दोन्ही घरभर उडवताय! आतल्या कोरड्या खोलीत हलवा, हवेतली दमटी ६० टक्क्यांच्या खाली राहील असं बघा. परत टांगाल ते आतल्या भिंतीवर, आणि फळीच्या चार कोपऱ्यांत बाटलीची बुचं चिकटवून. मागून हवा खेळली पाहिजे.

फोंडेकर
केला बंद. बुचं घरात भरपूर आहेत, कुठल्या बाटल्यांची ते विचारू नका. देव बरें करूं सगळ्यांना.
आता कौलं शाकारणारा कुणी आहे का फोंड्याच्या बाजूला? चवथीआधी हवा.

सासष्टीचा
चवथीआधी? सांबर जिवंत करून मागा, ते लवकर होईल.