पेट प्लास्टिकच्या बाटल्यांचा गठ्ठा दार उघडताच फुगतो, तारा तुटतात

प्रश्न:
उभं बेलिंग मशीन (माल दाबून गठ्ठे करणारं) आहे. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) १५० मिमी, ऑइलचा दाब २०० बार, पेटी १२० × ७५ सेमी. पुठ्ठ्याचा गठ्ठा घट्ट येतो. पेटच्या बाटल्या घातल्या की दार उघडल्याबरोबर गठ्ठा फुगतो, एक-दोन तारा तुटतात. प्रेशर वाढवावं का?

प्रतिसाद १:
अजिबात नको. रिलीफ व्हॉल्व्ह (ऑइलचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) पिळून दाब वाढवला तर पाइप, सील आणि फ्रेम सगळ्यांवर जादा ताण येतो. आधी हिशेब बघा. तुमच्या बोअरचं क्षेत्रफळ सुमारे १७७ चौ. सेमी, म्हणजे जोर साधारण ३६ टन. तो पेटीएवढ्या, म्हणजे ९००० चौ. सेमीच्या दाबणाऱ्या प्लेटवर पसरला की मालावर दर चौ. सेमीला जेमतेम ४ किलो उरतात. पुठ्ठ्याला तेवढे पुरतात, कारण त्याच्या आतली नागमोडी घडी एकदा मोडली की फारशी उठत नाही. झाकण लावलेल्या बाटलीत मात्र हवा कोंडलेली असते. प्लेट वर गेली की तीच हवा गठ्ठा फुगवते. झाकणं काढून घ्या, नाहीतर बाटल्या आधी भोकं पाडणाऱ्या यंत्रातून काढा. निम्मं दुखणं इथेच जाईल.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत. शिवाय पेटी तोंडापर्यंत भरून एकदाच दाबू नका. थोडा माल, दाब, प्लेट काही सेकंद खालीच, मग पुढचा थर. भिंतीवरचे माल अडवणारे दाते झिजले किंवा वाकले असतील, तर प्रत्येक थर परत वर येतो. आणि तारा प्लेट खाली दाबलेली असतानाच खाचांतून ओवून बांधायच्या. प्लेट वर नेऊन बांधलेला गठ्ठा सैलच राहणार.

तार नेमकी कुठे तुटते?

प्रश्नकर्ता:
पिळाजवळच, दर वेळी.

प्रतिसाद २:
मग पीळ जास्त बसतोय किंवा तार कडक आहे. भट्टीत तापवून मऊ केलेली काळी तार घ्या. मधोमध तुटली असती तर फुगण्याचा ताण म्हटलं असतं. तेव्हा तारांची संख्या वाढवावी लागते.

प्रतिसाद ३:
एक कळकळीची विनंती. दार उघडताना समोर नव्हे, बाजूला उभे राहा. आतला माल दाराला रेटत असतो. दात्यांत अडकलेलं काढायचं तर मेन स्विच बंद करून कुलूप लावा, मगच हात घाला. बाटल्यांत स्प्रेचा डबा आला तर तो आधीच वेचून काढा, दाबाखाली फुटतो.