मदत हवी आहे : रादकानच्या समाधी-मनोऱ्यावरचा लेख वाचता येईल असे फोटो कसे काढावेत?

लेणीवाचक
कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात पारशी प्रवाशांचे पहलवी (जुन्या इराणी लिपीतले) लेख आहेत, यज्दगर्दी म्हणजे पारशी कालगणनेतल्या ३७८ आणि ३९० सालचे, म्हणजे इ. स. १००९ आणि १०२१. नेमक्या त्याच सुमारास इराणात, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेला, नेका नदीच्या खोऱ्यात, रादकानच्या टेकडीवर बावंद या स्थानिक राजघराण्यातल्या एका इस्पाहबदाचा (सरदाराचा) विटांचा समाधी-मनोरा उभा राहत होता. त्यावरही पहलवी आहे, कुफी या जुन्या ताठ वळणाच्या अरबी लिपीच्या जोडीला. दोन्हीकडची अक्षरं शेजारी ठेवून पाहायची आहेत. ऑक्टोबरमध्ये एक परिचित गोर्गानला जाणार आहेत आणि फोटो काढून आणायला तयार आहेत. त्यांना नेमक्या सूचना द्यायच्या आहेत, म्हणून विचारतो:
नकाशावर दोन रादकान दिसतात, त्यातलं कुठलं? लेखाची पट्टी पार वर, छताखाली आहे. जमिनीवरून ती वाचण्याइतकी कशी टिपायची? दाराजवळच्या मजकुराचा ठसा घ्यावा का? आणि फोटो आल्यावर दोन लिप्या वेगळ्या कशा करायच्या?

विटकाम
आधी रादकानचा घोळ सोडवू. तुम्हाला हवं ते पश्चिमेचं रादकान: गुलिस्तान प्रांत, कुर्दकूय तालुका, गावाच्या दक्षिणेला डोंगरात. दुसरं रादकान खोरासानात, मशहदच्या वायव्येला, चनारानजवळ. तिथलाही मनोरा प्रसिद्ध आहे, पण तो तेराव्या शतकातला. ओळख सोपी आहे. खोरासानातल्या मनोऱ्याला बाहेरून उभे अर्धस्तंभ आहेत. तुमचा मनोरा सरळ गोल, साध्या विटांचा, सुमारे ३५ मीटर उंच, वर शंकूसारखं छत. ड्रायव्हरला 'मील-ए-रादकान' एवढंच सांगितलं तर गफलत होईल, 'कुर्दकूयचं रादकान' असं सांगायला हवं.

ठसा अजिबात नको. आपल्याकडे शिलालेखावर ओला कागद ठेवून ब्रशने ठोकतात आणि शाईचा बोळा फिरवतात, ते दगडाला चालतं. इथे मजकूर भाजक्या मातीत आणि गिलाव्यात आहे. ओल्या कागदाचं पाणी गिलाव्यात शिरतं, ब्रशच्या ठोक्याने सुटत आलेले पापुद्रे कागदासकट निघून येतात. अक्षर उठून दिसावं म्हणून खडू, पीठ किंवा पाणी लावण्याची सवय अनेकांना असते. त्यांना हे आधीच बजावून ठेवा. हजार वर्षं टिकलेलं अक्षर एका फोटोसाठी घालवणं परवडणारं नाही.

उन्हसावली
फोटोंचं गणित मांडतो. पट्टी पायथ्यापासून २५ मीटर उंचीवर धरू. भिंतीपासून २५ मीटरवर उभं राहिलं तर कॅमेरा ४५ अंश वर करावा लागतो आणि अक्षरांची उंची सत्तर टक्क्यांवर दबते. ५० मीटरवर गेलं तर कोन २७ अंशांवर येतो, उंची जवळजवळ नव्वद टक्के मिळते, आणि पट्टीपर्यंतचं तिरकं अंतर होतं ५६ मीटर. तिथून फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ४०० मिमी लेन्स लावली की चौकटीत सुमारे ५ मीटर रुंदी येते. २४ मेगापिक्सेलमध्ये आडवे ६००० पिक्सेल, म्हणजे मिलिमीटरला एकाहून थोडा जास्त पिक्सेल. वाचनाला हे पुरतं. ३०० मिमीही चालेल. त्याखाली जाऊ नका.

टेकडी आडवी येते. मागे सरकताना उतारावरून खाली गेलात तर कॅमेरा खाली जातो आणि कोन पुन्हा वाढतो. १० मीटर उतरलात तर ५० मीटरवरूनही ३५ अंश. म्हणून सपाट कडेपर्यंतच जा, किंवा समोरच्या चढावर जागा असेल तर तिथून लांब लेन्सने घ्या, पण सकाळी. दुपारी तापलेल्या हवेत चित्र थरथरतं आणि कडा पुसट होतात.

गोल भिंतीवर एका फोटोतला मधला भागच कामाचा. मध्यापासून ३० अंशांवर अक्षराची रुंदी ८७ टक्के उरते, ६० अंशांवर निम्मी. दार शून्य धरून घड्याळाच्या दिशेने १६ जागा ठरवा, दर साडेबावीस अंशांना एक. प्रत्येक जागेचा पहिला फोटो पूर्ण मनोऱ्याचा, मग पट्टीचे. हा पहिला फोटो राहून गेला की नंतर कुठला तुकडा कुठे बसतो ते कळत नाही. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, एफ/८, रॉ फाइल.

उजेड सगळ्यात महत्त्वाचा. उठावाच्या अक्षरांना उन्हाची तिरपी चाट हवी. सूर्य ज्या बाजूला आहे त्यापासून ६० ते ८० अंश बाजूचा पट्टा त्या वेळी उत्तम दिसतो, म्हणून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशा तीन फेऱ्या मारा. छताचा कंगोरा जेमतेम वीतभर पुढे असला तरी जूनमधल्या भर दुपारी त्याची सावली भिंतीवर नव्वद सेंटिमीटर खाली उतरते आणि पट्टी झाकते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तीच सावली २५ सेंटिमीटर. तुमचा महिना योग्य आहे.

अक्षरवाटा
आता वाचन. दोन्ही लिप्या उजवीकडून डावीकडे जातात, त्यामुळे दिशेवरून फरक कळणार नाही. कुफीत उभे दांडे उंच आणि ताठ. इथे त्यांना गाठी घातल्या आहेत, वेलपत्तीही आहे. वरच्या अर्ध्या भागातलं बरंचसं नक्षीकाम आहे, अक्षर खालच्या रेषेशी शोधा. पहलवी बुटकी, वळणदार, गाठींशिवायची.

कुफीला नुक्ते (अक्षरांचे ठिपके) नाहीत, त्यामुळे ब, त, न हे शब्दाच्या मध्ये सारखेच एका दात्याचे दिसतात. सालाच्या आकड्यात हे फार नडतं, कारण साल शब्दांत लिहितात, एकक आधी. 'सब्अ' म्हणजे सात आणि 'तिस्अ' म्हणजे नऊ: दोन्हींत चार दाते आणि शेवटी ऐन हे अक्षर. फोटो धूसर असेल तर सात की नऊ हे ठरतच नाही.

याची पडताळणी कशी करायची ते त्याच प्रांतातल्या गुंबद-ए-काबूस या समाधी-मनोऱ्यावर दिसतं. तिथे चांद्र (हिजरी) ३९७ आणि सौर (यज्दगर्दी) ३७५ अशी दोन सालं आहेत. हिजरी ३९७ सप्टेंबर १००६ च्या अखेरीस सुरू होतं, यज्दगर्दी ३७५ मार्च १००७ च्या मध्यात संपतं. दोन्ही एकमेकांवर बसतात. ३९९ वाचलं तर ते सप्टेंबर १००८ नंतर जातं आणि ३७५ शी जुळत नाही. यज्दगर्दी सालाला ६३१ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाचे शेवटचे अडीच-तीन महिने सोडून.

रादकानचं बांधकाम रबी-उस-सानी ४०७ मध्ये, म्हणजे सप्टेंबर १०१६ मध्ये सुरू झालं आणि ४११ मध्ये, एप्रिल १०२० ते एप्रिल १०२१ दरम्यान पुरं झालं. बांधवून घेणारा इस्पाहबद अबू जाफर मुहम्मद इब्न वंदरीन. वाचायला नाव आणि 'सनत' (साल) या शब्दापासून सुरुवात करा, म्हणजे अक्षरांचा तक्ता हाताशी येतो. पहलवीत न, व, र यांना बहुधा एकच खूण असते, आणि काही शब्द अरामी रूपात लिहून इराणी वाचतात: लिहिलेलं 'मल्का', वाचायचं 'शाह'. म्हणून कान्हेरीशी तुलना शब्दांची नको, विशेषनामांतल्या अक्षरांची करा.

लेणीवाचक
फारच उपयोगी, मनापासून आभार. एकच राहिलं: ऑक्टोबरमध्ये उत्तरेच्या बाजूला ऊन येणारच नाही ना?

उन्हसावली
नाही येणार. २१ जूनच्या आसपास सकाळी सव्वाआठपर्यंत आणि दुपारी साडेतीननंतर तिथे तिरपं ऊन पडतं, तेही आसपासचे डोंगर आड आले नाहीत तर. ऑक्टोबरमध्ये त्या चार-पाच जागा सावलीतच घ्या, एक्स्पोजर एक स्टॉप वाढवून, आणि प्रत्येक जागेवरून एकेक पाऊल बाजूला सरकत पाच-सहा फोटो जास्त काढा. एवढे फोटो असले की संगणकावर भिंतीचं त्रिमितीय प्रारूप करून हव्या त्या बाजूने कृत्रिम उजेड टाकता येतो.