डॉलरला रुपयांनी गुणून किराणा स्वस्त ठरतो का?

एडिसनकर: मंडळी, "भारतात सगळं स्वस्त" हे मला पटत नाही. न्यू जर्सीत गॅलनभर, म्हणजे पावणेचार लिटर दूध साधारण चार डॉलरला मिळतं. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, २००९ पासून वाढलेलं नाही, आमच्या राज्यात तर त्याच्या दुपटीहून जास्त आहे. तरी ७.२५ धरा. तासाच्या कमाईत पावणेसात लिटर दूध येतं. पुण्यात पाचशे रुपये रोजावर जाणाऱ्या बाईला लिटरभर दुधासाठी जवळजवळ तासभर राबावं लागतं. भाव तासांत मोजा, रुपयांत नको.

कोथरूडची: दूध तुमच्या सोयीचं निवडलंत. मेथी, शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता यांचे भाव लिहा ना! शिवाय घरभाडं, आरोग्यविमा गेल्यावर त्या ७.२५ मधलं दुधाला उरतं किती?

एडिसनकर: ताई, मेथी इथे महागच, मान्य. पण भारत सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्चाच्या पाहणीत ग्रामीण कुटुंबाचा ४७ टक्के आणि शहरी कुटुंबाचा जवळपास ४० टक्के खर्च खाण्यावर होतो. अमेरिकेत खाण्यावर उत्पन्नाच्या ११ टक्क्यांच्या आसपास जातात, त्यातले निम्म्याहून जास्त बाहेरच्या जेवणावर.

निफाडचा शेतकरी: तुमचं तिकडचं तुम्ही बघा, पण इथली स्वस्ताई कुणाच्या जिवावर आहे ते आधी बोला. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगावला भाव कोसळले. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तीही ४० टक्के शुल्क लावून. शहराला कांदा स्वस्त मिळावा म्हणून फटका आम्ही सोसायचा?

कोथरूडची: दादा, राग कळतो. पण २०१५ मध्ये तूरडाळ दोनशेवर गेली तेव्हा आमच्या घरी वरण पातळ झालं होतं. पगार तेवढाच होता. आम्ही कुणाकडे जायचं?

निफाडचा शेतकरी: ताई, ते दोनशे आमच्या हातात आले नाहीत. तो भाव बघून २०१६ ला लोकांनी तूर पेरली, पीक उदंड आलं आणि दर क्विंटलला ५०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला. खरेदी केंद्रावर बारदान नाही म्हणून ट्रॅक्टर रांगेत उभे. रांगेत थांबलेल्या शेतकऱ्यांची तासाची मजुरी किती धरायची, ते एडिसनकरांनी सांगावं.