खात्यावर होल्ड खरा आहे, मग होल्ड काढून देतो म्हणणारा खोटा कसा?

किराणावाली, घाटंजी तालुका

नमस्कार. घाईत लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

गावात घराच्या समोरच्या खोलीत माझं किराणा अन् झेरॉक्सचं दुकान आहे. क्यूआर कोड आणि पैसे आले की बोलणारा डबा, दोन्ही माझ्या बचत खात्याला जोडलेले. बचत गटाचा हप्ता त्यातूनच जातो, पेरणीसाठी ठेवलेले पैसेही त्यातच. एकूण ३८,४०० रुपये.

मे महिन्यात भर दुपारी एक मुलगा मोटरसायकलवर आला. पाण्याची बाटली घेतली. मग म्हणाला, "ताई, एटीएम बंद आहे. मी तुम्हाला ५,००० टाकतो, तुम्ही रोख द्या ना." एटीएम आमच्यापासून १४ किलोमीटर, गावातले लोक असे पैसे माझ्याकडून नेहमीच नेतात. डबा बोलला, मी मोबाईलवरही पाहिलं, पैसे खरोखर जमा झाले होते. गल्ल्यातून पाचशेच्या दहा नोटा मोजून दिल्या. तो कोण, कुठला, विचारलं नाही.

परवा कपाशीच्या बॅगांचे पैसे द्यायला गेले तर व्यवहार होईना. खात्यात येणारे पैसे येतात, पण माझ्याकडून रुपयाही जात नाही. शाखेत गेले. काउंटरवर सांगितलं, "वरून होल्ड आहे, सायबरचा. आमच्या हातात काही नाही." कागद मागितला तर म्हणाले मेल करा. कोणाला करायचा ते नाही सांगितलं. होल्ड लागल्यापासून ना मेसेज, ना पत्र, ना फोन.

घरी आले ती रडत आले. रागाच्या भरात बँकेच्या सोशल मीडियाच्या पानाखाली सगळं लिहून टाकलं, ५,००० साठी सगळे पैसे अडकवले, पेरणी तोंडावर आहे, वगैरे. खाली माझा नंबर. पाऊण तासात फोन आला. मुख्य कार्यालयातून बोलतो म्हणाला. बोलणं इतकं नम्र की शाखेतल्यापेक्षा हाच माणूस मला खरा वाटला. व्हॉट्सअॅपवर ओळखपत्राचा फोटो पाठवला. म्हणाला, त्या ५,००० मुळे होल्ड लागला आहे, आज सहाच्या आत काढला नाही तर खातं कायमचं बंद होईल. आधार कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागितले, ते मी पाठवून बसले. मग एक फाईल आली, बँकेचं नाव अन् शेवटी एपीके. ती उघडली नाही. आणि २,९९९ रुपये फी, "नंतर परत मिळेल", ती माझ्या मिस्टरांच्या खात्यातून भरा म्हणतो.

मिस्टर म्हणून राहिले, भरून टाक, मृग लागला, तीन हजारासाठी अडून बसतं का कोणी. मला धाकधूक होते. पण होल्ड तर खरा आहे ना? मी स्वतः शाखेत जाऊन पाहून आले. मग हा खोटा कसा? त्याला ५,००० चा आकडा कसा माहीत?

सेवाकेंद्रवाला, दर्यापूर

ताई, पैसे भरू नका, अन् ते फाईल पहिले डिलीट करा. ५,००० चा आकडा त्याले तुमीच सांगतला ना, तुमच्याच पोस्टमधी. पोस्ट उघडून वाचा अन् मनात त्याचं बोलणं आठवा. पोस्टमधी नाही असं एक तरी अक्षर बोलला का तो? तुमची शाखा कोणती, होल्ड कोणत्या तारखेचा, हे सांगतलं का? बँकेच्या पानाखाली लोकं गाऱ्हाणं लिहितात, त्याच्यावरच हे टपून असतात. ते पोस्ट आता काढून टाका.

एपीके म्हणजे मोबाईलमधी ॲप टाकणारी फाईल. तिचं काय होते ते मी डोळ्यानं पाह्यलं, म्हणून सांगतो. मागच्या हिवाळ्यात गावातले एक काकाजी मोबाईल घेऊन केंद्रात आले. म्हणे, "बापू, मेसेजच येऊन नाही राहिले." गावाच्या ग्रुपवर पीएम किसानच्या नावानं फाईल आली होती, हप्ता अटकला असन तं केवायसी करा म्हणून. काकाजीनं उघडली, जे विचारलं त्याले होय होय करत गेले. मी स्क्रीन पाह्यला तं असं ॲप कुठंच नाही. सेटिंगमधी सगळ्या ॲपच्या यादीत गेलो तवा सापडलं, नाव सरकारी, अन् मेसेज वाचायची परवानगी चालू. काढायले गेलो तं काढायचं बटनच फिकं, दबे ना. त्यानं मोबाईलचे ॲडमिन अधिकार घेऊन ठेवले होते, ते बंद केले तवा निघालं. तोवर कापसाचा चुकारा रात्रीतून तीन खेपेत निघून गेला होता. ओटीपी काकाजीच्याच मोबाईलवर येत, ते ॲप वाचे अन् पुढं धाडे. काकाजीले घंटी बी नाही वाजली.

कोणी उघडून बसलं असन तं मोबाईल लगेच एअरप्लेन मोडवर टाका, अन् दुसऱ्याच्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरले अन् बँकेले कळवा. मोबाईल साफ झाल्याशिवाय नवीन पिन त्याच्यावर टाकू नका.

तुमचं आधार गेलं आहे, तं बायोमेट्रिक लॉक करून घ्या. आधारच्या सरकारी ॲपमधी दोन मिनिटाचं काम आहे. पण घरात कोणी बँक मित्राकडं अंगठा लावून पैसे काढत असन तं त्याचं करताना ध्यानात ठेवा, लॉक असलं की अंगठा चालत नाही, दर खेपेले उघडा लागते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायाचं मी याच्यामुळंच विचारून करतो. नाहीतर पगाराच्या दिवशी अंगठा लागत नाही अन् माय बिचारी उन्हात उभी.

निवृत्त शाखाधिकारी, वर्धा

ताई, तुमचा होल्ड खरा आहे आणि तो फोन खोटा आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, आणि माणूस नेमका तिथेच फसतो. आधीच घाबरलेल्या माणसाला कुणी सभ्यपणे "मी काढून देतो" म्हटलं की तो देव वाटतो.

तुमच्या खात्याचं काय झालं असावं ते सांगतो. कुठेतरी कुणाची तरी फसवणूक झाली. त्या माणसाने १९३० ला फोन केला किंवा सायबर गुन्ह्यांच्या केंद्रीय पोर्टलवर तक्रार दिली. त्याचे पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चार खात्यांत असे पळवलेले असतात. पोर्टलवरून ती साखळी एकेका बँकेकडे जाते आणि पैसा जिथे जिथे पोचला तिथे बँका होल्ड लावतात. साखळीच्या शेवटी तो मुलगा होता, त्याला हे पैसे रोख करून हवे होते. तुमच्या गल्ल्यातल्या नोटा घेऊन तो गेला आणि खाणाखुणा तुमच्या खात्यात राहिल्या.

शाखेला हे काढता येत नाही हे खरं. पण शाखेने तुम्हाला माहिती द्यायची नाही, हे बरोबर नाही. मी एकतीस वर्षं बँकेत काढली. "वरून आहे" हे वाक्य काउंटरवर फार सोपं पडतं, त्याचं मला वाईट वाटतं. उद्या तोंडी विचारू नका. साध्या कागदावर दोन प्रतींत अर्ज लिहा आणि एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्जात मागा: तक्रारीचा क्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं पोलीस ठाणे, तिथला अधिकृत मेल, नेमकी किती रक्कम वादात आहे, आणि त्या व्यवहाराचा १२ अंकी यूपीआय क्रमांक. पोलिसांनी जप्तीची नोटीस पाठवली असेल तर तिची प्रत. ती साधारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली असते. १ जुलै २०२४ पूर्वी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १०२ होतं, जुने लोक अजून तेच म्हणतात.

दुसरी मागणी त्याच अर्जात: वादातले ५,००० अडवून ठेवा, बाकीचे ३३,४०० मोकळे करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये याच प्रकारच्या खात्यांबाबत सांगितलं आहे की पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरताच अडसर ठेवावा. महाराष्ट्रातल्या शाखेला तो निकाल थेट लागू होतो असं मी म्हणणार नाही, पण अर्जात उल्लेख असला की फाईल वरच्या कार्यालयात हलते. मग त्या पोलीस ठाण्याला मेल करा. दुकानाचा परवाना, त्या दिवसाच्या वहीचं पान, खात्याचा उतारा, समोर कुणाचा कॅमेरा असेल तर चित्रण. घडलं ते जसंच्या तसं लिहा. पाणी विकलं आणि रोख दिली, एवढंच. सामान विकलं असं खोटं बिल जोडू नका. पुढे तेच अंगावर येतं.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटेल असं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ ला फोन करा.

या सगळ्यात कुठेही फी नाही. होल्ड काढायला बँक पैसे घेत नाही, पोलीसही घेत नाहीत. २,९९९ भरले असते तर रात्री जीएसटी मागितला असता, सकाळी आणखी काही.

खातं बंद पडायची बाकी कारणंही सांगून ठेवतो, कारण त्या नावानेही फोन येतात. केवायसी जुनी झाली की व्यवहार अडतात. दोन वर्षं तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं, ते पुन्हा चालू करायला शुल्क नाही. आणि आपल्याकडचं एक वेगळंच दुखणं: पीककर्ज थकलं म्हणून शाखाच बचत खात्यावर होल्ड टाकते आणि अनुदानाचे पैसे अडकतात. त्यासाठी तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी जा. यातलं एकही कुलूप मोबाईलवर आलेल्या फाईलने उघडत नाही.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, हेही मिस्टरांना सांगा. "परत मिळणारी फी" परत द्यायच्या निमित्ताने पुढे पिनच टाकायला लावतात.

दिग्रसची

ताई, तुमच्या दुकानात आला तो मुलगा कसा असेल ते मला माहीत आहे, कारण तसाच एक आमच्या घरातून निघाला असता.

माझा लहान भाऊ यवतमाळला शिकायला होता. खोलीवरच्या एकाने सांगितलं, तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पासबुक, एटीएम कार्ड अन् सिम, ४,००० मिळतील. ऑनलाईन गेमचे पैसे आहेत, म्हणाला. भावाला वाटलं खातं तर रिकामंच आहे, त्यातून काय जाणार. तीन आठवड्यांनी परराज्यातल्या पोलिसांची नोटीस घरी आली. बाबा तेव्हा सोयाबीन काढत होते, तसेच चिखलाच्या पायांनी घरात आले अन् तो कागद दोनदा वाचून घेतला माझ्याकडून. त्याच्या नावावरून लाखांनी पैसे फिरले होते. दोन वर्षं झाली, तो अजून तारखांना जातो. परीक्षा गेली ती गेली.

गावात कोणी खातं भाड्यानं मागून राहिलं असेल तर मुलांच्या आईबापांना जाऊन सांगा. मी सांगते. वाईट वाटलं तरी सांगते.

किराणावाली, घाटंजी तालुका

सगळ्यांचे मनापासून आभार. अकरा दिवसांनी लिहिते आहे.

त्या संध्याकाळी तो फोनवाला पुन्हा दोनदा बोलला. दुसऱ्यांदा मी विचारलं, "माझी शाखा कोणती अन् तक्रारीचा नंबर काय, तेवढं सांगा." आवाज एकदम बदलला. "भरायचे नसतील तर भोगा," म्हणाला अन् ठेवला. मिस्टर बाजूलाच होते, त्यांनी ऐकलं. त्याचा नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलच्या चक्षूवर, फसव्या फोनची तक्रार करतात तिथे, टाकला. आधार लॉक केलं. सासूबाईंचं नाही केलं, त्या अंगठ्यानंच पैसे काढतात.

शाखेत दोन प्रती घेऊन गेले. आधी म्हणाले, ठेवून जा. मी म्हटलं, काका, पोच द्या, मी बसते. दीड तास बसले. शेवटी मॅनेजरनी आत बोलावलं, शिक्का दिला अन् चौथ्या दिवशी कागद. तक्रार तेलंगणातली. एका माणसाचे मोठे पैसे गेलेले, त्यातले माझ्याकडे आले ते नेमके ५,०००.

त्या कागदावर रक्कम वाचली तेव्हा माझा राग उतरला. इतके दिवस मी म्हणत होते माझे पैसे अडकवले. ते ५,००० त्याचे आहेत, त्याला मिळाले पाहिजेत. माझे गल्ल्यातले गेले, ते तो मोटरसायकलवाला घेऊन गेला. हे मी मेलमध्येही लिहिलं, वहीच्या पानाचा फोटो जोडला. समोरच्या दूध डेअरीच्या कॅमेऱ्यात इतके जुने काही राहत नाही, ते मिळालं नाही.

काल ३३,४०० मोकळे झाले. तोवर बियाणं उधारीवर आणलं होतं, आज चुकतं केलं. पऱ्हाटी दोन एकर लागली, बाकीचं पाऊस पाहून.

दुकानात आता अनोळखी माणसाला मोबाईलवर पैसे घेऊन रोख देत नाही. गावातल्याला देते, पण नाव अन् नंबर वहीत लिहून. एक आजोबा चिडले, मला ओळखत नाहीस का म्हणाले. ओळखते, तरी लिहिलं.

दिग्रसच्या ताई, बचत गटाच्या बैठकीत तुमच्या भावाचं सांगू का? नाव न घेता. आमच्या गटातल्या तिघींची मुलं यवतमाळला खोली करून राहतात.

दिग्रसची

सांगा. आईला विचारलं, तीही हो म्हणाली.